युद्ध, बलात्कार आणि 'अब्रू'

प्रश्न असा आहे : युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं कलम २७ स्त्रियांना त्यांच्या 'ऑनर'वरील हल्ल्यांपासून, विशेषतः बलात्कारापासून, संरक्षण देतं. मराठीत तिथे 'अब्रू' लिहावं का? आणि एरवीही युद्धाबद्दल लिहिताना 'अब्रू लुटली' चालेल का?

कलमात जरूर लिहावं. त्या काळी बलात्कार हा अब्रूवरचा घाला मानला जाई. युद्ध कसं करावं याच्या १९०७च्या हेग नियमांत तर नुसती 'कुटुंबाची अब्रू' आहे, बाईचा उल्लेखही नाही. जुना कागद भाषांतरात सुधारून घेऊ नये.

एरवी मात्र हा शब्द टाळावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. 'अब्रू' फारसीतून आली. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं हे पाणी लोकांच्या नजरेवर अवलंबून. म्हणून कर्ज थकलं तरी अब्रू जाते, मुलगा चोरीत सापडला तरी घराची अब्रू जाते. आता 'सैनिकांनी तिची अब्रू लुटली' हे वाक्य बघा. गुन्हा सैनिकांचा, पण वाक्य संपतं तेव्हा गेलेली असते तिची अब्रू. सैनिकांची शाबूतच.

'बलात्कारा'त तिच्याबद्दल काहीच नाही. 'बलात्' ही 'बल'ची पंचमी, म्हणजे बळाने. संस्कृतात कोणतीही जबरदस्ती म्हणजे बलात्कार. बोट थेट करणाऱ्याच्या बळाकडे. रवांडात १९९४मध्ये तुत्सी लोकांचा वंशसंहार झाला. त्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी आकायेसू या तिथल्या नगरप्रमुखाच्या खटल्यात बलात्काराची व्याख्या केली, तीही जबरदस्तीच्या परिस्थितीवर उभी आहे. दर वेळी मारहाण सिद्ध करण्याची गरज नाही. त्याच्या नगर कार्यालयात आसऱ्याला आलेल्या तुत्सी बायकांभोवती हत्यारबंद टोळ्या वावरत होत्या, तिथे जबरदस्ती आधीच हजर होती. त्या खटल्याच्या मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. साक्षीदार बायका बोलल्या, तेव्हा १९९७मध्ये तो घातला गेला.

त्याच निकालात एक प्रसंग आहे. एका विद्यार्थिनीला नगर कार्यालयाच्या अंगणात, गर्दीसमोर, विवस्त्र करून कसरती करायला लावल्या. हा बलात्कार नव्हे, पण न्यायाधिकरणाने ती लैंगिक हिंसा ठरवली. म्हणून व्यापक अर्थाने 'लैंगिक हिंसा' लिहावं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या कराराने स्थापन झालं त्या रोम संविधीतही बलात्काराबरोबर लैंगिक गुलामगिरी, सक्तीचं गरोदरपण, सक्तीची नसबंदी यांची नावं वेगवेगळी आहेत. पुरुष कैद्यांवर होणारे प्रकारही या शब्दात बसतात. 'अब्रू लुटली'मध्ये आपल्याला पुरुष दिसतच नाही. वर्तमानपत्री 'अत्याचार' सौम्य वाटतो, पण त्यातून मारहाण झाली की बलात्कार, हे कळत नाही.

जाता जाता, दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने सैनिकांसाठी जबरदस्तीने ठेवलेल्या बायकांना वापरलेला 'इआन्फु' हा शब्द. अर्थ 'दिलासा देणारी स्त्री'. राधिका कुमारस्वामी यांनी १९९६मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात त्याऐवजी 'लष्करी लैंगिक गुलामगिरी' असं म्हटलं. मराठीत तो शब्द आणावाच लागला तर अवतरणचिन्हांत ठेवावा आणि पहिल्याच वेळी सोबत 'लैंगिक गुलाम केलेल्या स्त्रिया' असं स्पष्ट लिहावं.