इंजिनघर : पंखा नवा, तरी इंजिन का तापतं?

प्रश्न : राम राम मिस्त्री. हर्णैला माझी सहा सिलिंडरची डिझेल बोट आहे. पावसाळ्यात ती आंजर्ल्याच्या खाडीत असते. मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला इंजिन तापलं. बाजूच्या पाइपातून पाणी जेमतेम पडत होतं. मेकॅनिकने खाऱ्या पाण्याचा पंप खोलला, आतला रबरी पंखा तुटलेला निघाला, नवा टाकला. आता पाणी पडतं. बंदरातून हळूहळू बाहेर पडेपर्यंत काटाही जागेवर असतो. पण बाहेर जाऊन इंजिन चढवलं की अर्ध्या-पाऊण तासात काटा वर जातो. मेकॅनिक म्हणतो, पंपच बदला. बदलू का?
— एक नाखवा, हर्णै

उत्तर : राम राम नाखवा. पंपाला इतक्यात हात लावू नका. पंखा ‘तुटलेला निघाला’ असं तुम्ही लिहिलंय, पण तुटलेली पाती सापडली का, हे लिहिलेलं नाही. माझी खात्री आहे, ती अजून तुमच्या इंजिनातच आहेत.

पंपातून पाणी ज्या वाटेने पुढे जातं, त्याच वाटेने रबराचे तुकडेही जातात. पहिलं वळण, मग गिअर ऑइलचा कूलर असेल तर तो, मग मोठा कूलर. कूलरच्या आत बारीक नळ्यांचा जुडगा असतो. त्या नळ्यांच्या तोंडावर हे तुकडे जाऊन चिकटतात. इंजिन हळू चालतं तेव्हा उरलेल्या नळ्यांतून जाणारं पाणी पुरतं. लोड आला की पुरत नाही. तुमचा काटा हळू चालताना शांत आणि चढवल्यावर वर, हे लक्षण तिकडेच बोट दाखवतं.

म्हणून पंपापासून कूलरपर्यंतचे होज काढा, कूलरचं पंपाकडचं झाकण खोला आणि तुकडे गोळा करा. जुना पंखा मेकॅनिककडे असेल तर मागून घ्या, वर्तमानपत्रावर ठेवा आणि सापडलेले तुकडे त्याला जोडून बघा. प्रत्येक पातं पुरं झालं पाहिजे. नखाएवढा तुकडा कमी पडला तरी शोध थांबवू नका. होजच्या वाकणात, कोपऱ्याच्या फिटिंगमध्ये बोट घालून बघा. कूलर उघडलाच आहे तर त्यातली झिंकची कांडीही बघा. निम्मी झिजली असेल तर नवी टाका. ती संपली की खारं पाणी थेट नळ्या खायला लागतं.

सगळे तुकडे मिळाले आणि तरीही तापलं, तर पंपाच्या आधीची बाजू बघा. पावसाळ्यात खाडीत गाळ, पालापाचोळा, प्लास्टिक सगळंच वाहून येतं आणि तळाच्या जाळीवर शिंपले धरतात. गाळणीचं झाकण नीट बसलं नसेल किंवा पाणी आत ओढणाऱ्या होजची क्लिप ढिली असेल, तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. तिथून पाणी गळत नाही, त्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसत नाही. त्या होजला प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा असाव्यात, असा माझा आग्रह आहे.

आता पंखा मुळात का तुटला? पंपाच्या घरात एका बाजूला उंचवटा असतो. पंख्याची पाती तिथे आली की वाकतात, पुढे गेली की सरळ होतात, आणि त्या वाकण्या-सरळ होण्यातूनच पाणी ओढलं जातं. इंजिन बंद असतं तेव्हाही दोन-तीन पाती वाकलेलीच राहतात. 1 जून ते 31 जुलै बोट उभी, म्हणजे तीच पाती दोन महिने वाकून. रबर त्या आकारात बसतं, बुंध्याशी भेगा पडतात. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा स्टार्टर मारला की तिथेच तुटतं. त्यात कुणी सी कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक) उघडायला विसरलं, तर मग बोलायलाच नको. रबराला वंगण असतं ते पाण्याचंच. कोरडा पंखा मिनिटभर चालला तरी पात्यांची टोकं करपतात.

बोट शाकारायच्या आधी पंखा काढून ठेवा. सहा स्क्रूंचं काम आहे. त्याला दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, घराच्या काठाला खरवडे पडतात. पुलर नसेल तर पक्कडीने मधला गाभा धरून सरळ ओढा. गोड्या पाण्याने धुवा, पिशवीत घाला आणि उन्हाबाहेर ठेवा. सी कॉक बंद करा आणि ‘पंखा काढला आहे’ अशी चिठ्ठी स्टार्टरच्या चावीलाच बांधा. इंजिन तुम्हीच सुरू कराल असं नाही, खलाशी किंवा मुलगा करेल.

परत बसवण्याआधी उजेडात प्रत्येक पातं अंगठ्याने मागे दाबा आणि बुंध्याशी बघा. सरळ पात्यात जी भेग दिसत नाही, ती वाकवल्यावर तोंड उघडते. केसाएवढी भेग दिसली तरी तो पंखा टाकून द्या. टोकं चपटी, चकचकीत झाली असतील तरीही टाका. बसवताना ग्रीस लावू नका. खनिज तेलाने हे रबर फुगतं. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन किंवा भांड्याच्या साबणाचं पाणी लावा, म्हणजे पहिलं पाणी येईपर्यंत पंखा ओला राहतो. पंप ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने पंखा फिरवत आत सरकवा, म्हणजे पाती मागच्या बाजूला वाकतात.

झाकणाच्या आतल्या बाजूवर गोल चरे पडले असतील आणि नख अडकत असेल, तर पंखा नवा टाकूनही ओढ कमी राहते. झाकण दोन्हीकडून सपाट असेल तर उलटं करून लावा, एवढ्यावर काम भागतं. पॅकिंग मात्र घरातल्या जाड पुठ्ठ्यातून कापू नका. पंखा आणि झाकण यांच्यातली फट त्या कागदाच्या जाडीवर ठरते. जुन्या पॅकिंगच्याच जाडीचा कागद हवा.

एक सवय मात्र तुम्ही लावून घ्याच. सगळं नीट झालं की इंजिन ठरावीक वेगावर ठेवा, बाजूच्या पाण्याखाली बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते इंजिनघराच्या दारावर आतून खडूने नाही, ऑइलपेंटने लिहा. दर महिन्याला तेवढ्याच वेगावर तीच बादली धरा. वेळ वाढायला लागली की काटा हलायच्या आधीच तुम्हाला कळेल. काट्यावर फार विसंबू नका. पाणीच उरलं नाही तर त्याचा सेन्सर हवेत राहतो आणि इंजिन जळत असताना काटा शांत दिसू शकतो.

प्रश्न : मिस्त्रीकाका, मी देवबागची. बाबांची पर्यटकांची बोट आहे, त्यावरचं आऊटबोर्ड आता मी बघते. मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती हल्ली मंद झाली आहे, कधी थांबून थांबून येते. मी स्वतः पंप खोलला तर चालेल का? शेजारचे दादा म्हणतात, हे तुझं काम नव्हे.
— एक वाचक, देवबाग

उत्तर : अगं, तुझंच काम आहे. रोज इंजिन हाताळणाऱ्या माणसाला ती धार बदललेली सगळ्यात आधी कळते, आणि तुला कळली आहे.

आधी सोपं ते बघ. इंजिन बंद करून त्या भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आत घालून मागेपुढे कर. तारेने आतली नळी फाटते, तंगूसने नाही. पुष्कळदा तिथे वाळू किंवा मीठ अडकलेलं असतं. धार पूर्ववत झाली तर काम झालं. न झाल्यास पंप खोल.

तुमच्याकडे कर्लीच्या मुखाशी वाळू उथळ आहे. किनाऱ्याला लागताना प्रोपेलर तळाजवळ फिरतो, वाळू उडते आणि तीच पंपात जाते. त्यामुळे तुमच्या भागात नुसतं रबर नाही, त्याच्या भोवतीची स्टीलची वाटी आणि खालची पत्रीही घासली जाते. फक्त रबर बदलून ओढ परत येत नाही, ती यामुळेच. पूर्ण किटच आण.

खालचा भाग उतरवण्याआधी गिअरची दांडी कशी जोडली आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढ. चादर अंथरून काम कर, कारण शाफ्टवरची अर्धगोल चावी निसटली की वाळूत सापडत नाही. नवा इम्पेलर, म्हणजे पंपातला रबरी पंखा, साबणाच्या पाण्याने ओला कर. वाटी वरून खाली दाबताना शाफ्ट इंजिनच्या दिशेने फिरवत राहा. बहुतेक आऊटबोर्डांना वरून बघता ती घड्याळाच्या काट्यांची दिशा असते, तरी पुस्तिकेत एकदा बघून घे. पाती आपोआप बरोबर बाजूला वाकतात. जोडून झाल्यावर कोरडं इंजिन ‘फक्त एकदा आवाज ऐकायला’ म्हणून सुरू करू नकोस. नवा पंप असाच पहिल्या दिवशी जातो.

रोजचं म्हणशील तर शेवटची फेरी झाली की गोडं पाणी. ड्रममध्ये पाणी पंपाच्या पातळीच्या बरंच वर असू दे, प्रोपेलर काढून ठेव, न्यूट्रलमध्ये हळू वेगावर दहा मिनिटं चालव. मे महिन्यात विहिरी तळाला जातात हे मला माहीत आहे. चार बोटवाल्यांनी मिळून एकच ड्रम वापरला तरी चालतं, पाणी फार खारट लागायला लागलं की बदला. जेवढं मीठ आत सुकेल तेवढी पाण्याची वाट अरुंद होते, आणि ते पुन्हा सहज विरघळत नाही.

त्या दादांना धार दाखव, नवी आणि जुनी वाटी शेजारी ठेवून दाखव. पुढच्या वेळी तेच तुला विचारायला येतील.

प्रश्न : पंपाच्या खालच्या बाजूला एक भोक आहे, त्यातून थेंब थेंब गळतं. तांडेल म्हणतो एम-सील लावून बुजवू. बुजवावं का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मुळीच नाही. ते भोक गळण्यासाठीच ठेवलेलं आहे. पंपात दोन सील असतात, एक पाणी अडवणारं, एक इंजिनचं तेल अडवणारं, आणि त्यांच्या मधल्या जागेचं तोंड म्हणजे ते भोक. बोटावर थेंब घ्या. खारं पाणी असेल तर पाण्याचं सील गेलं, तेल असेल तर तेलाचं. भोक बुजवलंत तर तेच खारं पाणी बेअरिंगमधून आत शिरेल आणि तुमच्या पंपाला इंजिन थेट फिरवत असेल तर तेलाच्या टाकीपर्यंत पोचेल. डिपस्टिक आजच काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन सुरूच करू नका, आधी तेल आणि फिल्टर बदला.

सील बदलताना दोन्ही एकदमच बदला. जुनं सील जिथे बसत होतं तिथे शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर शाफ्टही बदला, नाहीतर नवं सील दिवाळीपर्यंतही टिकणार नाही.