निराधारचा 'पगार' म्हणणं चूक आहे का?

प्रश्न असा आलाय की सोलापुरात संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला सगळे 'पगार' म्हणतात, काम नाही तर पगार कसला, 'अनुदान' म्हणायला पाहिजे ना.

मला विचाराल तर पगारच बरोबर. हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांकडनं आला, त्यांच्यात पागार म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. मुळात त्यात काम कुठंच नाही, देणं होतं ते दिलं एवढंच. उलट अनुदान म्हटलं की त्यातलं दान आधी ऐकू येतं, आणि घेणारा आपोआप याचक होतो.

बाहेरच्या देशांत पण नावावरनं बरंच कळतं बघा. जर्मनीत पेन्शनला रेंटे म्हणतात, मूळ लॅटिन अर्थ परत देणं, आणि तिथं झालंही तसंच, तिथला तेव्हाचा चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्कच्या काळातल्या 1889 च्या कायद्यात कामगार आणि मालक दोघं पैसे भरायचे, सरकार वर थोडी भर घालायचं आणि सत्तरी गाठली की ते परत मिळायचे. ब्रिटननं 1908 ला कायदा केला त्यात म्हाताऱ्यानं काहीच भरायचं नव्हतं, सत्तरीच्या पुढच्या गरिबाला आठवड्याला 5 शिलिंगपर्यंत, तरी नाव पेन्शनच ठेवलं आणि पैसे पोस्टात द्यायचे ठरवलं. त्याआधी गरिबाला मदत हवी तर गरीब-कायद्याच्या अधिकाऱ्यांपुढं हात पसरायला लागायचे, त्यात लाज होती, म्हणून मला ते पोस्ट फार मोठी गोष्ट वाटते. स्वीडनमध्ये 1948 पासून पोरांसाठी पैसे मिळतात, श्रीमंत असो की गरीब, त्याला बार्नबीद्राग म्हणतात, बार्न म्हणजे मूल, बीद्राग म्हणजे आपला हातभार. किती छान शब्द आहे!

आता आपल्याकडं. सोलापूरच्या पूर्व भागात एक आज्जी आहेत, जन्मभर विड्या वळून बोटं वाकडी झालेली, महिन्याचे 1500 आले का विचारायचं असलं की म्हणतात, "पगार पडला का रं?" लाडक्या बहिणीच्या पैशाला मात्र त्याच गल्लीत 'हप्ता' म्हणतात, पगार म्हटलेलं मी तरी फारसं ऐकलं नाही.

अर्जावर 'अनुदान' लिहा, योजनेचं पूर्ण नावच 'संजय गांधी निराधार अनुदान योजना' आहे. पण आज्जी पगार म्हणत असतील तर त्यांना दुरुस्त करू नका.