गांधी, अत्तार आणि केमिस्ट

प्रश्न असा आहे: 'केमिस्ट' आणि 'मेडिकल' हे शब्द यायच्या आधी औषध विकणाऱ्याला मराठीत काय म्हणत? प्रश्नकर्त्याच्या आजीच्या तोंडी 'गांध्याकडून हिरडा आण' असं यायचं. मग हा गांधी किराणावाला की औषधवाला? आणि अत्ताराचा औषधाशी काही संबंध आहे का?

आजींचा शब्द अगदी बरोबर आहे. सुंठ, हिरडा, वावडिंग, ज्येष्ठमध, वेखंड अशा काष्ठौषधी विकणारा तो गांधी. पण शब्दात औषध कुठेच नाही, आहे तो गंध. संस्कृत 'गान्धिक', प्राकृत 'गंधिक' आणि त्यावरून गांधी, म्हणजे मुळात सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आपल्याकडे त्याचा फार जुना पुरावा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या 'गंधिका'ने लेण्याला दरवाजा दान दिल्याची नोंद आहे. दगडातलं दार कोरून घेण्याइतका पैसा या धंद्यात होता. पंचतंत्रात व्यापाराचे प्रकार सांगताना सगळ्यांत उत्तम माल गान्धिकाचा, सोन्याचीही त्यापुढे मातब्बरी नाही, असं म्हटलं आहे. कारणही दिलंय: एकाला घेतलेलं इथे शंभराला विकता येतं!

सुगंधाचा व्यापारी औषधाचा व्यापारी कसा झाला, याचं उत्तर मालातच आहे. चंदन, वाळा, जटामांसी, नागरमोथा, कापूर, कस्तुरी, दालचिनी, वेलदोडा यांतली कोणतीही वस्तू घ्या. ती उटण्यात जाते, धुपात जाते, स्वयंपाकात जाते आणि काढ्यातही जाते. हा माल वाळलेला, वजनाला हलका, किमतीला जड आणि बहुतेक दुरून येणारा. तो ओळखायला, भेसळ पकडायला नाक लागतं. म्हणून एकच दुकान, एकच जाणकार. औषध तयार करणं हे मात्र गांध्याचं काम नव्हतं. ते वैद्य स्वतः करत, किंवा त्यांनी सांगितलेली द्रव्यं आणून घरी काढा उकळला जाई. तयार औषध विकणारा असा वेगळा व्यवसायच ठळक नव्हता, म्हणून त्याला रुळलेला जुना मराठी शब्दही सापडत नाही. (आपला 'दवाखाना' बघा. शब्दाचा अर्थ औषधाचं घर, पण आपण म्हणतो डॉक्टरांच्या जागेला.)

अत्ताराची गोष्ट थेट अशीच आहे. अरबी 'इत्र' म्हणजे सुगंध, त्यावरून 'अत्तार'. पण अरबी-फारसी जगात अत्तार हा जडीबुटी आणि औषधं विकणाराही असे. निशापूरचे सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचं नाव पडलं ते या धंद्यावरून. उर्दूत हा अर्थ अगदी उघड दिसतो. ज्याच्यापायी आजारी पडलो त्याच अत्ताराच्या पोराकडून औषध घेतो आहे, असं उर्दू शायर मीर तकी मीर म्हणतात. तिथे अत्तार म्हणजे युनानी औषधं देणारा. आपल्याकडे सातारा, सांगली, सोलापूर भागात अत्तार आडनावाची घरं आहेत, मात्र मराठीत शब्दाचा अर्थ आक्रसून अत्तरापुरता राहिला.

याहून सुंदर दुवा मध्य आशियातल्या अल-बिरूनी या विद्वानाने दिला आहे. अकराव्या शतकात त्याने औषधद्रव्यांवर 'किताब अस-सैदना' हा ग्रंथ रचला. औषधविक्रेत्याला अरबीत सैदनानी किंवा सैदलानी म्हणतात, त्याचं मूळ त्याने 'चंदन' या आपल्या शब्दात दाखवलं. आज अरबी देशांत औषधाच्या दुकानावर 'सैदलिया' अशी पाटी असते. बिरूनीचं मत धरलं तर त्या पाटीतही चंदनच आहे. मला ही व्युत्पत्ती फार आवडते, कारण गांधी, अत्तार आणि सैदलानी हे तिन्ही शब्द एकाच धंद्याची साक्ष देतात.

लंडनमध्येही वेगळं नव्हतं. तिथले ॲपोथेकरी, म्हणजे औषधं करून देणारे, १६१७ सालापर्यंत किराणा व्यापाऱ्यांच्या संघातच मोडत. त्या साली राजाच्या सनदेने ते वेगळे झाले. पुढे ते स्वतःच रोगी तपासू लागले, आणि दुकान सांभाळायला 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' आले. त्यांनी १८४१ मध्ये आपली फार्मास्युटिकल सोसायटी स्थापली. इंग्रजांचा हा 'केमिस्ट' त्यांच्या राज्याबरोबर आपल्याकडे आला. त्याचं मूळही पुन्हा अरबी 'अल-किमिया', म्हणजे आपली किमया.

आपल्या पाटीवरचे शब्द तर कायद्याने बांधले आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९४५च्या औषध नियमांप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नसलेल्या दुकानाने 'ड्रगस्टोअर' लिहायचं. फार्मासिस्ट आहे, पण चिठ्ठीप्रमाणे औषध मिसळून देण्याची सोय नाही, त्याने 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. ती सोयही असेल तरच 'फार्मसी'. गल्लीतल्या बहुतेक पाट्यांवर मधला शब्द दिसतो तो यामुळे. मिश्रण करणारा कंपाउंडर आणि त्याची मात्रांच्या खुणांचा कागद चिकटवलेली बाटली, दोन्ही आता जवळजवळ गेले.

राहिला प्रतिशब्दाचा प्रश्न. सरकारी दवाखान्यात 'औषधनिर्माण अधिकारी' असतो, पण दुकानातला माणूस औषध निर्माण करत नाही. 'औषधविक्रेता' म्हटलं तर त्याचं शिक्षण पुसलं जातं. डॉक्टरांची चिठ्ठी वाचणं, मात्रा तपासणं, दोन औषधं एकत्र चालतील का हे पाहणं हे निव्वळ विकणं नव्हे. म्हणून दुकानाला 'औषधाचं दुकान' आणि माणसाला सरळ 'फार्मासिस्ट' म्हणावं, असं माझं मत. 'गांधी' हा शब्द त्याला लावू नये. ज्येष्ठमधाच्या काड्या आणि वेखंड तोलून कागदाच्या पुडीत बांधून देणारी दुकानं अजून आहेत, तो शब्द त्यांचा आहे आणि तिथेच तो वापरात ठेवावा.