हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' वाचली, पण यात चांगलं कोण आणि वाईट कोण हेच ठरेना. त्या काळातल्या सगळ्याच अमेरिकन लेखकांचं असं आहे का?

सगळ्यांचं नाही. हॅरिएट बीचर स्टोवच्या 'अंकल टॉम्स केबिन'मधला (१८५२) गुलामांचा मालक सायमन लेग्री घ्या. नव्याने विकत आणलेल्या गुलामांना तो आपली मूठ दाखवून धमकावतो, तिथेच कळतं हा माणूस कसला आहे. तिथे गोंधळाला जागाच नाही.

पण तुमचा गोंधळ अगदी योग्य ठिकाणी झालाय. हॉथॉर्न, मेलव्हिल आणि मार्क ट्वेन हे तिघे मला एका बाबतीत सख्खे भाऊ वाटतात. पाप करणाऱ्याची त्यांना फारशी धास्ती नाही. आपण देवाच्या बाजूने आहोत अशी ज्याची पक्की खात्री झालीय, त्याला मात्र ते जाम घाबरून असतात.

हॉथॉर्नच्या बाबतीत हे घरचंच दुखणं होतं. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकीण-चेटूक म्हणून १९ जणांना फासावर चढवलं, एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून चिरडून मारलं. संशयितांची उलटतपासणी घेणाऱ्यांत एक होता जॉन हॅथॉर्न, आपल्या लेखकाचा खापरपणजोबा. ही मंडळी दरोडेखोर नव्हती. बायबल वाचणारी, चर्चला जाणारी, गावात मान असलेली माणसं होती. 'स्कार्लेट लेटर'च्या प्रास्ताविकात हॉथॉर्न आपल्या पूर्वजांची लाज स्वतःच्या शिरावर घेतो, ते पान घाईत वाचलं असेल तर परत वाचा.

आता कादंबरीचंच बघा. नायिका हेस्टर लग्नाबाहेर झालेली तान्ही पोर कडेवर घेऊन चौथऱ्यावर उभी आहे, आणि खाली जमलेल्या बायका कुरकुरतायत की नुसतं छातीवर अक्षर काय लावता, कपाळावर डागणी द्यायला हवी होती. पाप तिने केलं हे लेखक नाकारत नाही. गावचा धर्मगुरू डिम्सडेल त्या पोरीचा बाप, त्याने ते लपवलं, हेही नाकारत नाही. पण जंगलात भेट होते तेव्हा डिम्सडेल जे बोलतो तिथे पुस्तकाचा काटा आहे. तो म्हणतो की आपल्या दोघांपेक्षा त्या म्हाताऱ्याचं पाप काळं, कारण त्याने थंड डोक्याने एका माणसाच्या काळजात हात घातला. तो म्हातारा म्हणजे चिलिंगवर्थ, हेस्टरचा फसवला गेलेला नवरा. कायदा, धर्म, लोकांची सहानुभूती सगळं त्याच्या बाजूने. तरी सगळ्यात खाली घसरतो तोच.

याच्या उलट टोकाला त्याच काळातला विचारवंत इमर्सन. १८३८ मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे त्याने सांगितलं की वाईट असं स्वतंत्र काही नसतंच, उष्णता नसली की थंडी म्हणतात तसं ते. ऐकायला छान. मला पटत नाही, आणि मेलव्हिललाही पटलं नसावं.

मेलव्हिलने 'मोबी-डिक' (१८५१) हॉथॉर्नलाच अर्पण केली. देवमाशाने पाय तोडला म्हणून जगातली सगळी दुष्टाई त्या एका पांढऱ्या माशात आहे, असं एहॅब कप्तानाने ठरवून टाकलंय. लोक त्याच्याबद्दलच बोलतात. मला मात्र स्टारबक जास्त छळतो. स्टारबक जहाजावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, देवभीरू, संसारी. मुक्या जनावरावर सूड कसला उगवता, असं तो कप्तानाला तोंडावर सुनावतो. पुढे एका रात्री तो एहॅबच्या खोलीबाहेर बंदूक हातात घेऊन उभा राहतो. आत कप्तान झोपलाय. चाप ओढला तर तीसेक माणसांचा जीव वाचेल, घरी बायको-पोराचं तोंड दिसेल. तो स्वतःशीच वाद घालतो आणि बंदूक जागेवर ठेवून निघून जातो. हा चांगुलपणा म्हणायचा की भ्याडपणा? मेलव्हिल उत्तर देत नाही. शेवटी गोष्ट सांगणारा इश्माएल सोडून सगळे बुडतात.

कादंबरी बाजूला ठेवून एक खरी गोष्ट सांगतो. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाला आणि १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं. त्याचा मालक थॉमस ऑल्ड एका धार्मिक मेळाव्यात जाऊन एकदम भाविक झाला. डग्लसला वाटलं, आता हा गुलामांना सोडेल, निदान जरा मवाळ होईल. झालं उलटंच. ऑल्ड एका अपंग तरुणीला बांधून फटके मारायचा आणि मारताना बायबलमधलं वचन म्हणायचा. धार्मिक मालक सगळ्यात वाईट, असं डग्लस स्वच्छ लिहितो. (महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. धर्माच्या नावाने माणूस कसा जखडला जातो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.)

आणि मग मार्क ट्वेनचा हक फिन. मिसूरी राज्यातला, मिसिसिपी नदीकाठचा हा पोरगा पळालेल्या गुलाम जिमबरोबर तराफ्यावरून निघालाय. ३१व्या प्रकरणात भामटे जिमला ४० डॉलरला विकून टाकतात. हकला लहानपणापासून शिकवलंय की दुसऱ्याच्या गुलामाला पळायला मदत करणं म्हणजे चोरी, आणि चोराची जागा नरकात. तो प्रार्थना करायला बसतो, शब्द फुटत नाही. मग जिमच्या मालकिणीला पत्र लिहितो, जिमचा ठावठिकाणा कळवतो, आणि त्याला एकदम हलकं, निष्पाप वाटायला लागतं. मग आठवतं, जिम त्याची झोपमोड होऊ नये म्हणून स्वतःच्या पाळीनंतर त्याचीही पाळी द्यायचा. हक पत्र फाडतो आणि म्हणतो, ठीक आहे, जाईन नरकात.

गंमत अशी की आपण चांगलं करतोय हे त्याला कधी कळतच नाही. शेवटपर्यंत तो स्वतःला वाया गेलेलाच समजतो. ट्वेनने पुढे १८९५ मध्ये याच पुस्तकाबद्दल लिहून ठेवलं की निकोप हृदय आणि वाकडी सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि हार विवेकबुद्धीची होते. म्हणजे समाजाने विवेकच बिघडवून हातात दिला, तर करायचं काय?

पुढे काय वाचू म्हणाल, तर आधी हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राउन' (१८३५) ही कथा घ्या. एका बैठकीत होते. रात्री जंगलात सैतानाच्या मेळ्याला आपल्याच गावचे धर्मगुरू, लहानपणी धडे देणारी म्हातारी, एवढंच काय नवी नवरी बायकोही जमलेली एका तरुणाला दिसते. ते खरं की स्वप्न, हे लेखक सांगत नाही. त्यानंतर 'हकलबेरी फिन', आणि भरपूर वेळ असेल तेव्हाच 'मोबी-डिक'. देवमाशांच्या शरीररचनेची प्रकरणं पहिल्या वाचनात गाळलीत तरी चालेल, बंदुकीचं मात्र गाळू नका. ही सगळी पुस्तकं स्वामित्वहक्क संपल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात.