विचारा बिनधास्त : चिपाडातलं लिग्निन आणि प्लायचा ग्लू

प्रश्न : ताई, मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे आणि एम.एस्सी. पण चालू आहे. प्रोजेक्ट असा घेतलाय की चिपाडातून लिग्निन (झाडा-गवताला ताठपणा देणारा पदार्थ) काढून प्लायवूडच्या फिनॉल रेझिनमध्ये, म्हणजे थर चिकटवायच्या ग्लूमध्ये, घालायचं. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) या सॉल्व्हंटमध्ये लिग्निन मस्त विरघळतं, पण गाईड म्हणतात ग्रीन सॉल्व्हंट वापर, डीप युटेक्टिक का काय ते. नक्की कुठला घेऊ?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी एक सांगा, तुम्हाला सॉल्व्हंट हवाय तरी कशाला? प्लायचं फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातच शिजतं, आणि लिग्निन कॉस्टिकच्या पाण्यात आपसूक विरघळतं, मग मध्ये डीएमएफ आणायचा, तो १५३ डिग्रीला उकळणार म्हणून परत काढताना रडायचं, वर तो गर्भाला घातक म्हणून युरोपात २०२३ च्या डिसेंबरपासून त्याच्या वापरावर बंधनं आली आहेत. तुमच्या रेझिनचा ग्रीन सॉल्व्हंट नळाला येतो!

खरी अडचण वेगळीच आहे. फिनॉलच्या कार्बनच्या रिंगवर ओएच गटाच्या शेजारच्या आणि समोरच्या जागा मोकळ्या असतात, तिथे फॉर्मल्डिहाइड येऊन चिकटतो. लिग्निनमध्ये समोरच्या जागी आधीच साखळी लटकलेली आणि शेजारी बऱ्याचदा मिथॉक्सी (ऑक्सिजनला जोडलेला मिथाइल गट) ठाण मांडून बसलेला, त्यामुळे ते मंद चालतं आणि प्रेसमध्ये वेळ जास्त लागतो. पण ऊस म्हणजे शेवटी गवतच, त्याच्या लिग्निनमध्ये मिथॉक्सी नसलेल्या रिंगा पाइन-देवदारच्या लाकडापेक्षा जास्त सापडतात, म्हणजे तुमचा कच्चा माल तसा बरा आहे. तरीही लिग्निन आधी थोड्या फिनॉलबरोबर ॲसिडमध्ये तापवून घ्या, याला फिनोलेशन म्हणतात, यात फिनॉल स्वतःच सॉल्व्हंटचं पण काम करतो. सुरुवात फिनॉलच्या ३० टक्के बदलीपासून करा, अर्ध्याच्या पुढे उडी मारू नका.

आता लिग्निन काढताना सगळ्यांचं जे होतं ते सांगते. कॉस्टिकमध्ये चिपाड शिजवून गाळलं की कोऱ्या कॉफीसारखं काळं पाणी मिळतं, त्यात हळूहळू सल्फ्युरिक टाकत पीएच २ च्या आसपास आणला की तपकिरी गाळ बसतो, आणि तो फिल्टर पेपरवर ओतला की पेपर चोंदतो, दोन तास झाले तरी थेंब थेंब. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रभर तसाच ठेवून घरी गेले होते, सकाळी बघते तर वर चिखलच. तर तो गाळ गाळायच्या आधी ६०-७० डिग्रीला थोडा वेळ तापवा, कण एकमेकांना धरतात, मग पाणी पटकन खाली उतरतं. वाळवताना मात्र घाई नको, ओव्हन जास्त तापवला तर खडे होतात आणि खलबत्ता घेऊन बसावं लागतं.

सॉल्व्हंटचा खरा प्रश्न येतो तो लिग्निनची जातच बदलायची असेल तेव्हा, म्हणजे पॉलियुरेथेन वगैरेसाठी. तिथे प्रोपिलीन कार्बोनेट बघा. पूर्वी याच कामाला प्रोपिलीन ऑक्साइड वापरायचे, तो विषारी आणि प्रेशरची भांडी लागायची, कार्बोनेट साध्या भांड्यात चालतं, सॉल्व्हंट पण तेच आणि रिॲक्ट होणारं पण तेच, आणि बाहेर फक्त कार्बन डायऑक्साइड जातो. मिथाइल लावायला डायमिथाइल सल्फेटऐवजी डायमिथाइल कार्बोनेट घेतात, पण त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते) १७ डिग्रीच्या आसपास आहे, म्हणजे कराडच्या थंडीत दुपारी पण पेटेल, ग्रीन लिहिलंय म्हणून शेगडीशेजारी ठेवू नका.

राहिलं ते डीप युटेक्टिक, म्हणजे दोन पदार्थांचं असं मिश्रण जे त्या दोघांपेक्षा खूप कमी तापमानाला वितळतं. कोलीन क्लोराईड ३०२ डिग्रीला वितळतं, युरिया १३३ ला, आणि एकास दोन मोल मिसळले की १२ डिग्रीलाच पातळ, ॲबट आणि त्यांच्या लेस्टरच्या मंडळींनी २००३ मध्ये हे दाखवलं तेव्हापासून सगळे त्याच्या मागे आहेत. लिग्निनला युरियाऐवजी लॅक्टिक ॲसिडची जोडी चांगली. (कोलीन क्लोराईड कोंबडीखाद्यातही घालतात, पण ते बहुतेक मक्याच्या कणसाच्या दांड्याच्या भुकटीवर शोषलेलं असतं, स्वस्त मिळालं म्हणून तेच नका आणू.) पण विरघळवलेलं लिग्निन बाहेर काढायला त्यात भरपूर पाणी ओतावं लागतं, मग सॉल्व्हंट परत मिळवायला ते सगळं पाणी उडवायचं, किलोमागे २२५७ किलोज्यूल! शिवाय तापवता तापवता लॅक्टिक ॲसिड कोलीनशीच जोडलं जातं, म्हणून चौथ्या-पाचव्या फेरीला पहिल्यासारखं काम होत नाही. तुम्ही कारखान्यातले आहात, वाफेचा हिशोब तुम्हाला मी काय सांगू. रिपोर्टमध्ये सॉल्व्हंट किती टक्के परत मिळाला आणि त्याला वाफ किती लागली हे दोन आकडे घाला, गाईड दुसरं काही विचारणार नाहीत. कापडाचा लायोसेल धागा सेल्युलोज सॉल्व्हंटमध्ये विरघळवून बनतो, तो सॉल्व्हंट ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळतो, म्हणून तर तो धंदा चालतो.

आणि चिपाड फुकट आहे असं धरू नका, ते तुमच्याच बॉयलरचं जळण आहे. लिग्निन काढून घेतलं की तेवढी वाफ दुसरीकडून आणावी लागणार.

प्रश्न : आमचा वेंगुर्ल्याजवळ काजूचा छोटा कारखाना आहे. टरफलाच्या तेलाचं पण रेझिन होतं म्हणे. त्याला कुठला सॉल्व्हंट?

उत्तर : कुठलाच नको. टरफलाच्या तेलातलं ॲनाकार्डिक ॲसिड तापवलं की कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डानॉल होतं, आणि कार्डानॉल म्हणजे पंधरा कार्बनचं शेपूट असलेलं पातळ फिनॉलच, सरळ फॉर्मल्डिहाइडशी जोडता येतं. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ते कधीपासून वापरतात. तापवताना फेस फार येतो, भांडं अर्धंच भरा. हातमोज्यांचं तुम्हाला सांगायला नको, बिया फोडणाऱ्या बायकांचे हात तुम्ही रोज बघताच.

प्रश्न : लिग्निनवाला ग्लू असला की प्लायला फॉर्मल्डिहाइड-फ्री म्हणता येईल ना?

उत्तर : नाही हो. लिग्निन फिनॉलच्या जागी जातं, फॉर्मल्डिहाइड तिथेच असतो. फिनॉलच्या ग्लूवाल्या प्लायमधून तो युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या ग्लूवाल्यापेक्षा कमीच सुटतो, पण त्यात लिग्निनचं श्रेय नाही. दुकानदाराला पाटी नका विचारू, एमिशन टेस्टचा, म्हणजे हवेत किती फॉर्मल्डिहाइड सुटतो त्या चाचणीचा, कागद मागा.