आधी दवाखाना, मग माळ

"मिस्टर चौदा वर्षांपासून पितात, आता रोज दोन क्वार्टर. यंदा आषाढीला माळ घालून सोडतो म्हणतात. मागच्या कार्तिकीलाही असंच ठरवलं होतं. हात थरथरले, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडत बसले आणि चौथ्या दिवशी परत प्यायले. श्रद्धाच खोटी, मग माळेचा अपमान कशाला? सासूबाई जेवणातून पावडर द्यायची म्हणतात. मी त्यांना माळेपासून अडवू का?"
— एक वाचक, बारामती तालुका

ताई, मुंग्यांचं ते वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले.

रोज दारूची सवय लागलेल्या मेंदूला ती एकदम मिळेनाशी झाली की तो भडकतो. सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भास, ताप, दिवस की रात्र याचं भान सुटणं. यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. तुमचे मिस्टर कार्तिकीला मरणाच्या दारातून परत आले आणि तुम्ही त्यांना खोटं ठरवलंत. तीन दिवस ते त्या यातनेत दारूविना राहिले, ते कशाच्या बळावर? ही श्रद्धा खोटी म्हणवत नाही मला.

माळेपासून अडवू नका. पण आषाढीच्या किमान पंधरा दिवस आधी त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. रोज किती पितात, शेवटचं कधी घेतलं आणि मागच्या वेळी काय दिसलं, हे तिन्ही डॉक्टरांना सांगा. एकदा असा त्रास झालेल्याला पुढच्या वेळी तो जास्त होऊ शकतो, म्हणून भरती करायला सांगतील. नाही म्हणू नका. साधारण पाच ते दहा दिवस गोळ्यांचा डोस रोज कमी करत नेतात. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही देतात, आणि ती ग्लुकोजच्या सलाइनआधी द्यावी लागतात, नाहीतर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती जाऊ शकते. म्हणून गावात नुसती सलाइन लावून घेऊ नका. भरती होईपर्यंत घरी दारू अचानक तोडू नका. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर आजच विचारा.

पावडर मात्र आजच फेकून द्या. अशा पुड्यांत बऱ्याचदा दारूशी भिडणारं औषध असतं. न सांगता दिलं आणि वर दारू पडली की रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेततं. शिवाय चोरून दिलेलं कळलं की त्यांचा घरावरचा विश्वास जाईल.

आता माळ. पायी वारी यंदा राहू द्या, दवाखान्यातून नुकतं उठलेलं शरीर आहे. आषाढीला एसटीने पंढरपूरला न्या आणि गावच्या दिंडीच्या महाराजांच्या हातून माळ घालून घ्या. मद्यमांस वर्ज्य, एकादशी, वर्षाची वारी, रोजचा हरिपाठ, हे सगळं त्यासोबत येतं. (एकादशी पहिले काही महिने डॉक्टरांना विचारूनच, निर्जळी तर नकोच.) माळकऱ्याला कुणी ग्लास पुढे करत नाही. लग्नात, पोळ्याला, मित्रांच्या शेतावर 'नको' म्हणण्याची लढाई त्याला एकट्याला लढावी लागत नाही. गळ्यातली माळ पाहून समोरचाच हात मागे घेतो.

पिण्याची त्यांची वेळ संध्याकाळी सातची असेल तर हरिपाठही सातलाच हवा, देवळात, चार टाळकऱ्यांसोबत. घरी एकट्याने म्हणायचा ठरवला की आठवड्यात सुटतो. पहिले तीन महिने तुम्हीही जाऊन बसा.

आणि एखाद्या दिवशी प्यायलेच, तर 'आता बाटलोच' म्हणून माळ उतरवून पुन्हा रोजचं सुरू करण्याचा धोका मोठा असतो. उतरवू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळीच महाराजांकडे न्या, आणि तिथून थेट डॉक्टरांकडे.