पेढे नंतर वाटा, आधी भाडं किती महिने देणार ते बोला

(वाचकांचे प्रश्न. या वेळी तीनच घेतलेत, कारण पहिल्याचं उत्तर हातात राहिलं नाही.)

प्रश्न: काका, मी कोपरखैरण्याला राहते, सेकंड इयरला आहे. कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय आलाय, 'परक्या देशात गेलेल्या सैन्याला तिथल्या सामान्य लोकांचा विश्वास मिळवता येतो का'. मला बाजूने बोलायचंय. जिथे वाचावं तिथे तेच, शाळा बांधा, दवाखाने काढा, गोड बोला. तुम्ही श्रीलंकेत होतात असं तुम्हीच मागे लिहिलं होतं म्हणून विचारते, खरंच असं होतं का?

उत्तर: अगं, आधी ठाण्यातली एक गोष्ट ऐक. माझ्या मेव्हण्याची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा बिल्डर पहिल्याच मीटिंगला पेढे, डायऱ्या, बायकांसाठी कापडी पिशव्या असं सगळं घेऊन आला. पेढे सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ला. मग मागून एक पेन्शनर बाई उठल्या आणि म्हणाल्या, भाडं किती महिने देणार, आणि काम मधेच बंद पडलं तर आम्ही कुठे जायचं? बिल्डर हसून म्हणाला, मावशी विश्वास ठेवा हो. झालं, तिथेच त्याची मीटिंग फसली. परक्या सैन्याचं अगदी असंच असतं, फक्त तिथे काम बंद पडलं तर भाडं बुडत नाही, माणूस मरतो.

आता श्रीलंकेचं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या शांतता करारावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आपली फौज उतरायला लागली, आयपीकेएफ, शांतिसेना म्हणून. त्याआधी ४ जूनला आपल्या विमानांनी श्रीलंकेच्या उत्तरेला तमिळ लोकांच्या जाफन्यावर धान्य-औषधं टाकली होती, त्यामुळे तिथल्या तमिळ लोकांना वाटलं की आपली माणसं आली. हार घातले लोकांनी, आणि हे ऐकीव नाही, माझ्याही गळ्यात पडलेला आहे. मी सिग्नल्समध्ये रेडिओ ऑपरेटर, वय २३, साताऱ्याच्या बाहेर पहिल्यांदा इतका लांब गेलेला.

पलालीच्या विमानतळाकडून जाफना टाऊनला जाणाऱ्या रस्त्यावर आमची छोटी पोस्ट होती. समोरच्या घराला ताडाच्या झावळ्यांचं कुंपण, तिकडे सगळीकडे तसंच असतं, उंच, आतलं काही दिसत नाही. त्या कुंपणाला खाली एक भोक होतं आणि त्यातून सात-आठ वर्षांचा एक पोरगा यायचा, सेटचे हेडफोन कानाला लावायचा आणि नुसती खरखर ऐकून खूष व्हायचा. तण्णी म्हणजे पाणी हा माझा पहिला तमिळ शब्द त्यानेच शिकवला. त्याची आजी कधी कधी त्याच्या हातून चहा पाठवायची. बिस्किटाचे पुडे आम्ही द्यायचो ते खरं, पण तो बिस्किटांसाठी येत नव्हता.

मग १५ सप्टेंबरला थिलीपन नावाचा टायगर्सचा, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईचा, तरुण पोरगा नल्लूरच्या देवळासमोर उपोषणाला बसला. पाच मागण्या होत्या, आणि बसला होता तो भारताविरुद्ध, म्हणजे आमच्याविरुद्ध. पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने, २६ तारखेला गेला. त्या बारा दिवसांत कुणी आम्हाला दगड मारला नाही की शिवी दिली नाही. फक्त एका सकाळी बघतो तर कुंपणाचं ते भोक बुजवलेलं. जुन्या वाळलेल्या करड्या झावळ्यांमध्ये एक नवी हिरवीगार झावळी घट्ट बांधलेली, लांबून उठून दिसायची. पोस्टवरच्या प्रत्येकाने ती पाहिली, पण वर रिपोर्टात कुणी घातली नाही. रिपोर्टात गोळी लिहितात, गाडी लिहितात, कुंपण कोण लिहिणार.

पुढचं तुला पुस्तकात मिळेल. ५ ऑक्टोबरला पलालीत ताब्यात असलेल्या टायगर्सच्या माणसांना कोलंबोला न्यायचं ठरलं, त्यांनी सायनाइड खाल्लं, १२ जण गेले. १० ऑक्टोबरला आमची आणि त्यांची लढाईच सुरू झाली. २१ तारखेला, दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये आपले जवान घुसले. आपल्याकडून सांगितलं गेलं की आतून फायर आला, तिथले लोक सांगतात की हात वर केलेल्यांनाही सोडलं नाही. मी तिथे नव्हतो. पण डॉक्टर, नर्स, पेशंट मिळून ६० च्या वर माणसं गेली, आणि त्याच्यानंतर आमच्या मेडिकल कॅम्पला कोण येणार तूच सांग. आपलेही जवळजवळ १,२०० जवान तिथे पडले. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच नोव्हेंबरमध्ये गेले, त्यांना परमवीरचक्र मिळालं.

माझ्या डोक्यात मात्र जे बसलंय ते शेवटचं. काही तमिळ लोक आमच्याबरोबर उभे राहिले होते, ईपीआरएलएफ नावाच्या तमिळ पक्षाचे, त्यांनी निवडणूक लढवली, त्यांचे वरदराज पेरुमाल तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री झाले. २४ मार्च १९९० ला आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. पेरुमालना देश सोडून भारतात यावं लागलं आणि त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना जूनमध्ये मद्रासमध्ये, आपल्याच देशात, सहकाऱ्यांसकट मारलं. आम्हाला मदत केलेले जे तिथेच मागे राहिले त्यांचं काय झालं असेल त्याचा विचार तू कर, मी करायचं सोडलंय. तर त्या कुंपणाआडच्या आजीचं चुकलं का? ती बाई आमच्या चहाबिस्किटाकडे नाही बघत, ती बघते की ही पोरं उद्या गेली तर रात्री माझ्या दारात कोण येईल. नौपाड्याच्या पेन्शनर बाईंचा प्रश्न आणि तिचा प्रश्न एकच.

अमेरिकेने तर अफगाणिस्तानात शाळा, रस्ते, विहिरी, सगळं केलं, पैशाला तोटा नव्हता. पण सुरुवातच बघ, ऑक्टोबर २००१ मध्ये विमानातून जेवणाची पाकिटं टाकली ती पिवळी आणि त्याच काळात क्लस्टर बॉम्ब, म्हणजे पोटात ढीगभर छोटे बॉम्ब असलेले, टाकले त्यातले न फुटलेले छोटे बॉम्बही पिवळे. मग रेडिओवर सांगत बसले की बाबांनो नीट बघून उचला. शेवटी पाकिटांचा रंग निळा केला. एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने त्याच रंगाचा बॉम्ब.

आणि २०११ मध्ये ॲबटाबादला लादेनचा पत्ता पक्का करायला सीआयएने एका डॉक्टरला धरून हिपॅटायटिस बी च्या लसीकरणाचं नाटक केलं. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. आधीच तिकडे लसीबद्दल नाही नाही त्या अफवा, त्यात ही अफवा खरीच निघाली! डिसेंबर २०१२ पासून पाकिस्तानात पोलिओचा डोस द्यायला दारोदार फिरणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि २०१२ मध्ये ५८ पेशंट होते ते २०१४ मध्ये ३०६ झाले. कारणं अजूनही होती, तालिबानने लसीवर बंदीच घातली होती, पण हे निमित्त त्यांना फुकट मिळालं. मे २०१४ मध्ये व्हाइट हाऊसने सांगितलं की आता लसीकरणाच्या आडून हेरगिरी करणार नाही. आपल्याकडे पोलिओच्या रविवारी आशाताई बोटाला शाई लावून जाते ना, त्या शाईवर विश्वास बसायला किती वर्षं लागली हे त्या सीआयएवाल्यांना काय माहीत.

हुकूम चांगले निघत नाहीत असं नाही. जुलै २००९ मध्ये अफगाणिस्तानातले अमेरिकन सेनापती जनरल मॅकक्रिस्टल यांनी काढला होता की घरांवर बॉम्ब टाकताना हात आखडता घ्या, सामान्य माणसं मरत असतील तर आपण जिंकून हरतोय. जेमतेम दोन महिने झाले आणि ४ सप्टेंबरला कुंदुझजवळ तालिबानने पळवलेल्या दोन टँकरवर एका जर्मन अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून बॉम्ब पडले, आणि तिथे गावातले लोक डबे घेऊन फुकटचं तेल भरायला आलेले. जर्मनीने नंतर घरटी ५,००० डॉलर दिले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या एअरपोर्टच्या भिंतीपाशी गटाराच्या पाण्यात उभं राहून कागद दाखवणारे दुभाषे तू टीव्हीवर पाहिलेच असशील. मी पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

पण तुला बाजूने बोलायचंय. मग १९७१ चं बांगलादेश घे. तिथल्या लोकांना आपण हवे होतो, त्यांचं स्वतःचं सरकार होतं, मुक्तिवाहिनी खांद्याला खांदा लावून लढत होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि १२ मार्च १९७२ ला आपल्या सैन्याची निरोपाची परेड. तीन महिनेसुद्धा नाहीत. कुरबुर तेव्हाही होतीच, पण जायचं तेव्हा गेले. परीक्षक अडवतील की मग पुढे संबंध बिघडले त्याचं काय, तर सांग की ते राजकारणाचं, सैन्य वेळेवर निघालं हे कुणी नाकारत नाही.

प्रश्न: हे मनं जिंकण्याचं खूळ आलं कुठून? सैन्याने लढावं, समाजसेवा करायला एनजीओ आहेत. (कळंबोली)

उत्तर: साहेब, शब्द बहुतेक मलायातून, म्हणजे आताच्या मलेशियातून, गाजला. तिथे १९४८ पासून कम्युनिस्टांशी लढाई चालली होती आणि १९५२ मध्ये इंग्रजांनी जनरल टेम्पलर यांना पाठवलं, ते म्हणाले की उत्तर जंगलात आणखी सैनिक ओतण्यात नाही, लोकांच्या मनात आहे. ऐकायला गोड. आता ह्याच टेम्पलरनी त्याच वर्षी तांजोंग मालिम गावावर २२ तासांचा कर्फ्यू लावला, तांदळाचं रेशन कापलं आणि घरोघरी कागद वाटले, की नाव न लिहिता सांगा कोण कोण त्यांना मिळालंय. शिवाय ५ लाखांच्या आसपास लोक, बहुतेक चिनी, उचलून काटेरी तारांच्या आतल्या नव्या गावांत नेऊन ठेवले होते. त्यामुळे खूळ म्हणाल तर तेवढं मऊ नव्हतं ते, तुम्हाला आवडलं असतं. पण माझं मत विचाराल तर तिथलं प्रकरण निवळलं ते चिनी लोकांना नागरिकत्व मिळायला लागलं आणि १९५७ मध्ये इंग्रज खरोखर निघाले म्हणून. एनजीओबद्दल सहमत, पण एनजीओला सैन्याच्या गाडीत बसवू नका एवढंच.

प्रश्न: माझा भाचा सैन्यात आहे, यूएनच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला जायची त्याची ऑर्डर आलीय. ताई तर रडून रडून अर्धी झाली. तिथल्या लोकांशी कसं वागायचं काही सांगाल का, तो तुमचं सदर वाचतो. (चरई, ठाणे)

उत्तर: ताईंना आधी सांगा की यूएनचं काम आणि आमचं श्रीलंकेचं काम ह्यात फरक आहे, इथे तो एका बाजूने लढायला जात नाहीये. ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवतीलच, मी चार वरकड गोष्टी सांगतो.

दक्षिण सुदानातल्या मलाकालला आपल्या तुकडीचे जनावरांचे डॉक्टर आहेत, गुरांचा दवाखाना चालवतात. तिकडे माणसाची सगळी इस्टेट म्हणजे गुरं, लग्नातलं देणंघेणंही गाई मोजून. आता ज्याची गाय तुम्ही वाचवली तो तुमच्याकडे कसा बघेल हे मी गावाकडचा असल्यामुळे मला सांगायला नको. भाच्याला म्हणावं, ड्युटी काहीही असो, गुरांच्या दवाखान्यात जाऊन उभा राहा, लोक ओळखायला तिथेच मिळतील.

लायबेरियात २००७ ते २०१६ आपल्या सीआरपीएफच्या बायकांची तुकडी होती, यूएनची पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. रात्री राजधानी मन्रोव्हियाच्या रस्त्यावर गस्त घालायच्या. त्यांना बघून तिथल्या मुली पोलिसात भरती व्हायला लागल्या. भाषण नाही केलं कुणी, रात्री दिसायच्या एवढंच. दिवसा सगळेच फिरतात हो.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात मारामारी पेटली तेव्हा जीव घेऊन पळालेल्या लोकांसाठी यूएनच्या तळांनी गेट उघडली आणि हजारो माणसं आत आली, पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिली. तिथले जुने लोक बाकी सगळं विसरतील पण कुठल्या गेटवर आत घेतलं ते विसरणार नाहीत. गेटवर ड्युटी लागली तर कंटाळू नकोस म्हणावं.

मुलं चॉकलेट मागतील, रस्त्यावर चालत्या गाडीतून फेकू नको, पोरं चाकाखाली येतात. फोटो विचारून काढ. बायकांच्या बाबतीत यूएनचे नियम कडक आहेत आणि ते बरोबरच आहेत, तिथे गंमतही नको.

आणि पाणी. हे हसण्यावारी नेऊ नका. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये यूएनच्या एका कॅम्पची घाण नदीत गेली आणि त्यातून कॉलरा पसरला, जवळजवळ १०,००० माणसं मेली, आणि यूएनला माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला. तेव्हा कॅम्पचा संडास कुठे बांधलाय आणि त्याचं पाणी कुठे जातंय हे भाच्याने पहिल्या आठवड्यात स्वतः चालत जाऊन बघावं, वरच्याने सांगितलं नसलं तरी. खाली कुणी बाई हंडा भरताना दिसली तर लगेच रिपोर्ट करायचं, रिपोर्टात तसा कॉलम असो नसो.

चिवडा पाठवताना डबा नको, पिशवीत द्या, वजन मोजतात.